कोजागरीचा आठवडा आणि चौदा वर्षांखालील मुलींचा संघ

शाळकरी मुलींचा खो-खो संघ पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या नव्या प्रशिक्षकांसाठी हे लिहीत आहे. खेळाचे नियम, खांबाजवळचे वळण, खो देण्याची पद्धत हे सर्व आपल्याला येते असे मी गृहीत धरते. मला सांगायचे आहे ते आश्विनातल्या एका आठवड्याविषयी. शालेय स्पर्धा, सहामाही परीक्षा आणि दसरा-कोजागरी ही तिन्ही सोलापुरात अनेकदा एकाच पंधरवड्यात येतात, आणि दोन वर्षांपूर्वी अशाच एका पंधरवड्यात माझ्या हातून एका मुलीच्या पायाचे नुकसान झाले.

मी चादरी-टॉवेलच्या एका पेढीत हिशेब लिहिते. पहाटे साडेपाच ते सात सराव, मग घरचे डबे आणि दहाला काम असा माझा दिवस असतो. घरी सासूबाई, पती आणि सातवीतली मुलगी आहे. ती संघातच खेळते आणि मैदानावर मला आई न म्हणता इतरांसारखी ताई म्हणते. नवरात्रात घटाला रोजची माळ, अष्टमी, खंडेनवमी, दसरा हे सगळे सांभाळून मी मैदानावर वेळेवर पोहोचत होते आणि मला जमते म्हणजे मुलींनाही जमलेच पाहिजे असे मानत होते. माझ्या संघातल्या मुलींची घरे कशी चालतात, याचा विचार मी केला नव्हता. यंत्रमाग असलेल्या घरात खंडेनवमीला मागांची पूजा असते आणि त्याआधी सगळी साफसफाई असते. तेलुगू भाषक पद्मशाली घरांतल्या मुली बतुकम्मा या फुलांच्या रचनेभोवती फेर धरून रात्री उशिरापर्यंत नाचतात. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी ज्या वेळी पाणी येईल त्या वेळी उठून मुलीच हंडे-कळश्या भरतात. आणि कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो माणसे चालत जातात, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी संघाला सांगितले, "स्पर्धा संपेपर्यंत कुणीही सुट्टी मागायची नाही." त्याच दिवसापासून मी सकाळच्या सरावाला संध्याकाळच्या सरावाची जोड दिली. त्या आठवड्यात मुली एकदम शिस्तीत आल्यासारख्या वाटल्या. कुणी सुट्टी मागत नव्हते, कुणी कुरकुर करत नव्हते, आणि मी त्यावर समाधानी होते. नंतर कळले की तिघी जणी घरच्यांबरोबर रात्रभर चालून तुळजापूरला गेल्या होत्या, दर्शन घेऊन दुपारी एसटीने परतल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर हजर होत्या. त्या तिघींपैकी एकीच्या घरी तो नवस होता. तिने मला विचारले असते तर मी नाहीच म्हटले असते, हे तिला ठाऊक होते; म्हणून तिने विचारलेच नाही.

आता हे नीट वाचा, कारण मी इथेच चुकले. त्या सकाळी ती पाटीवर, म्हणजे मैदानातल्या बसण्याच्या जागेवर, बसली होती आणि खो मिळाल्यावर उठताना उजवा हात जमिनीला टेकवत होती. मला ते दिसले. पाटीवरून उठताना हात टेकवणे म्हणजे आळस, असे मला माझ्या प्रशिक्षकांनी शिकवले होते, म्हणून मी तिला दहा वेळा जास्तीचे बसून-उठून धावायला लावले. तिने ते मुकाट्याने पूर्ण केले. दोन दिवसांनी सामन्यात दुसऱ्या आक्रमणाच्या वेळी ती खांब धरून वळली आणि तिथेच खाली बसली.

डॉक्टरांनी नडगीवरून अंगठा फिरवत नेला आणि एका ठिकाणी ती ओरडली. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. हाडाला पडलेला असा बारीक तडा सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले. सहा आठवडे पळणे बंद झाले. मी डॉक्टरांना तुळजापूरच्या चालण्याविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले की त्याआधीच्या दोन आठवड्यांत सराव किती वाढवला होता. मी दुपटीने वाढवला होता. चालणे हे निमित्त होते, हाडाला थकवले होते ते माझ्या वेळापत्रकाने.

हा खेळ दिसायला सोपा वाटतो, पण पायांवर त्याचा भार किती आहे ते मोजून पाहा. आठ मुली पाट्यांवर उकिडव्या बसतात, खो मिळताच त्या स्थितीतून थेट वेगात सुटतात, खांबाशी पूर्ण वेग मोडून वळतात, आणि किशोरी, म्हणजे चौदा वर्षांखालील, गटात एकेक पाळी सात मिनिटांची असते. शिवाय आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस झोडपतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीच काळी माती वाळून दगडासारखी होते. मॅट फार थोड्या संघांच्या नशिबी असते. या सगळ्यावर घरचे पाणी, फेर, पायी वारी आणि अपुरी झोप यांचा भार पडतो. तो भार आपल्या वहीत कुठेच नसतो.

म्हणून मुलीने नडगी दुखते असे सांगितले तर आधी जागा दाखवायला सांगा. नडगीच्या बऱ्याच लांबीवर हात फिरवून ती "इथे सगळीकडे" म्हणाली तर सराव कमी करा आणि लक्ष ठेवा. एका बोटाने एकच ठिपका दाखवला, किंवा त्या पायावर एकदा लंगडी घालतानाही कळ आली, तर तिला त्याच क्षणी मैदानाबाहेर बसवा आणि डॉक्टरांकडे न्या. तेल चोळून, पट्टी बांधून एक सामना काढून घेऊ असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका.

मार्गदर्शकांविषयी माझे मत आता ठाम झाले आहे. ज्यांनी मला खेळ शिकवला त्यांचा मला आदर आहे, पण दुखल्याशिवाय पाय तयार होत नाही, ही त्यांची शिकवण मी डोळे मिटून पुढे चालवली. ज्याने स्वतःच्या घरात वाढत्या वयाचे मूल सांभाळले आहे आणि जो आपल्या चुकांबद्दल मोकळेपणाने बोलतो, असा ज्येष्ठ माणूस शोधा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकल्यापासून पालक उत्साहाने मुलींना घेऊन येतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण मोबाईलवर पाहिलेला आकाशातला सूर, म्हणजे हवेत झेप घेऊन पळणाऱ्याला बाद करणे, महिन्याभरात शिकवा अशी मागणीही सोबत येते. तिला स्पष्ट नकार द्या. नीट बसणे, नीट उठणे आणि हुलकावणी ओळखणे यांत पहिले वर्ष गेले तरी चालते.

घाबरून जाऊ नका. घरचे लोक आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त समजून घेतात. त्या मुलीची आई घरी विड्या वळते. मी माफी मागायला गेले तेव्हा तिने सूप बाजूला ठेवून मला बसायला सांगितले आणि म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलं असतं तर आम्ही पौर्णिमा पुढची धरली असती." मी तिच्याकडे रागाची अपेक्षा केली होती, त्यामुळे हे ऐकून मला जास्त लागले.

त्या दिवसापासून मी एक साधी वही ठेवते. काही अडचण आहे का, असे मी विचारत नाही, कारण त्यावर सगळ्या मुली नाहीच म्हणतात. रात्री किती वाजता झोपलीस, आज पाणी कुणी भरले, काल कुठे चालून आलीस, हे तीन प्रश्न मी सरावाआधी प्रत्येकीला वेगवेगळे विचारते आणि उत्तरे लिहिते. तिन्हींपैकी दोन उत्तरे जड असतील तर ती मुलगी त्या दिवशी पळत नाही. ती घड्याळ लावते, नाहीतर माझ्या शेजारी बसून समोरच्या तुकडीची चाल पाहते. आश्विनाच्या सुरुवातीलाच पालकांना बोलावून कुणाच्या घरी काय आहे ते कॅलेंडरवर खुणा करून घेते आणि त्यानंतरच सरावाचे दिवस ठरवते. स्पर्धेच्या आठवड्यात सराव वाढवत नाही, कमी करते. माझ्या स्वतःच्या मुलीची उत्तरेही मी मैदानावरच विचारते, कारण घरी विचारले तर ती आजीकडे बघून उत्तर देते.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तीच मुलगी आली आणि मी वही उघडण्याआधीच म्हणाली, "ताई, आम्ही या वेळी पण तुळजापूरला चाललोय." मी तिच्या नावापुढे कोजागरी आणि नंतरचे तीन दिवस रिकामे सोडले, पहिल्या सामन्यासाठी तिच्या जागी दुसरी मुलगी उतरवली, आणि ती परतल्यावर रांगेत येण्याआधी तिला बूट-मोजे काढायला लावून दोन्ही नडग्यांवरून अंगठा फिरवून पाहिला.