मराठी मजकुरासाठी वेबसाइट घडवताना : नव्या डेव्हलपरसाठी काही अनुभव

वेब डेव्हलपमेंट शिकू लागलेल्या मुलामुलींना मी पहिली सूचना हीच करते की, सरावाच्या प्रकल्पात इंग्रजी नमुना मजकूर भरू नये. अगदी पहिल्या पानापासून खरा मराठी मजकूर भरावा. यामागे केवळ भाषेचा अभिमान नाही. इंग्रजी मजकूर वापरताना एक अक्षर म्हणजे एक संकेत असा समज सहज होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकूही शकतो. देवनागरीत तो पहिल्याच प्रयोगात मोडतो. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच जोडाक्षर आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाण संकेतावलीत, मात्र ते स, पाय मोडण्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दुसरी वेलांटी अशा सहा संकेतांनी लिहिले जाते, आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेला या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर सहा येते. बातमीचा मथळा ठरावीक लांबीवर कापणारा साधा कोड लिहिला की शेवटी लोंबणारे पायमोडके व्यंजन उरते, ते याचमुळे. अशा कामासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘इंट्ल सेगमेंटर’ (Intl.Segmenter) ही मजकूर वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तोडून देणारी सोय आहे आणि ती लवकर शिकून घ्यावी.

नावाच्या रकान्याची तपासणी हा याच विषयाचा पुढचा धडा. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात, ‘युनिकोडमधील कोणतेही अक्षर चालेल’ असा नियम लिहिला की काम झाले असे वाटते. पण मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार यांचा वर्ग युनिकोडने अक्षरांपासून वेगळा ठेवलेला आहे. परिणामी फॉर्म ‘कमल’ हे नाव स्वीकारतो आणि ‘कविता’ नाकारतो. स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत लिहिणाऱ्या माणसाला ‘कृपया योग्य नाव लिहा’ असा संदेश दिसणे मला फार लागते, आणि म्हणून नव्या सहकाऱ्याचा कोड तपासताना मी सर्वांत आधी हेच पाहते.

शोधाच्या सुविधेतही असाच अडथळा येतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. पण पहिल्या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲप’मधल्या ॲचेही तसेच आहे : त्याला स्वतंत्र संकेत २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला, आणि त्याआधीची जोडून लिहिण्याची पद्धत जुन्या मजकुरात अजून आहे. साठवलेला मजकूर आणि शोधलेला शब्द हे दोन्ही आधी एकाच रूपात आणून मगच जुळवावेत.

माझी खरी तक्रार मात्र डिझाइनविषयी आहे. फिग्मा या डिझाइनच्या साधनात आलेला आराखडा बहुधा इंग्रजीत रचलेला असतो आणि मराठी मजकूर त्यात शेवटी ओतला जातो. इंग्रजी मथळ्यांना कॅपिटल अक्षरांनी जो वेगळेपणा येतो, तो देवनागरीत येऊच शकत नाही, कारण आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे मथळा आणि मजकूर एकाच पातळीवर येतात. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या १.२ पट ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो, आणि बटणात तर ‘र्की’चा माथाच कापला जातो. मी मराठी मजकुरासाठी १.६ पासून सुरुवात करते आणि फाँट पाहून ती कमीजास्त करते. फाँटमध्ये तिरपी अक्षरे नसतील, तर ब्राउझर सरळ अक्षरांनाच ओढून तिरपे करतो. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतील ‘फाँट-सिंथेसिस’ या गुणधर्माने ते थांबवता येते. फिकट करड्या अक्षरांचा मोहही आवरावा. वेबच्या सुगम्यतेचे निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतका रंगभेद मागतात, आणि बारीक गाठींच्या देवनागरीला त्याहून कमी मुळीच पुरत नाही.

हे सारे डिझाइनरला भांडून पटवता येत नाही. खऱ्या मराठी मजकुराचे पान त्याच्यासमोर ठेवले की बहुतेक वेळा तो स्वतःच आराखडा बदलतो. पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना लिहिलेल्या कोडमध्ये, नोंदवायलाही विसरू नये, कारण काही फाँट ती नोंद पाहूनच ल आणि श यांची मराठी वळणे दाखवतात.

या कामाबरोबर एखादा छंद असावा, आणि तो पडद्यापासून दूर नेणारा असावा, असे मला मनापासून वाटते. मी रविवारी बोरूने अक्षरे गिरवते आणि पुण्याच्या पेठांतून हिंडताना हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांची छायाचित्रे काढते. बोरूचा कोन बदलला की जाड-बारीक रेषा कशा बदलतात हे हाताला कळले, तेव्हा फाँट निवडण्याची माझी नजरच बदलली. छंदापायी मागचे वाचनही झाले : मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांच्या निर्णयसागर छापखान्याने शिशाच्या खिळ्यांत देवनागरी किती देखणी उतरवली, आणि पुढे प्रा. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फाँट घडवून ती संगणकाच्या पडद्यावर कशी आणली. जोडाक्षरे आणि वरखालच्या मात्रा मर्यादित जागेत बसवण्याचा आजचा आपला प्रश्न त्यांच्याहीपुढे होता.

ज्यांना याच दिशेने पुढे जायचे आहे, त्यांनी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे खुल्या परवान्याचे फाँट उतरवून घ्यावेत आणि फाँटफोर्ज या फाँट घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावेत. एकेका जोडाक्षरासाठी किती आकृत्या रेखाटाव्या लागतात आणि कोणता नियम कोणत्या आकृतीला पुढे आणतो, हे तिथे उलगडत जाते. देवनागरी फाँटची फाइल इंग्रजीपेक्षा जड का असते याचे उत्तरही तिथेच मिळते.