वॉलआयसाठी ट्रोलिंग करताना प्लेनर बोर्ड लावावेत का, आणि लावायचे तर कसे

जून महिन्यात अमेरिकेत क्लीव्हलँडजवळ एरी सरोवरात बोट घेऊन गेलात, की सावकाश चाललेल्या बोटींच्या दोन्ही अंगांना, बऱ्याच लांबवर, छोट्या रंगीत फळ्या पाण्यावरून पळताना दिसतात. हे प्लेनर बोर्ड, वॉलआय नावाच्या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी लावलेले. ते बघून नवखा माणूस दुकानात जातो आणि चार-सहा बोर्ड घेऊन येतो. पण बोर्ड सगळीकडे आणि सदासर्वकाळ लावायची वस्तू नाही. मासा पाण्यात किती खोल आहे, पाणी किती स्वच्छ आहे आणि कायदा तुम्हाला किती दोर टाकू देतो, या तीन गोष्टींवर त्याचं उत्तर अवलंबून आहे. म्हणून आधी लावायचे की नाही ते बघू, मग कसे लावायचे ते.

बोर्ड काय करतो

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं. कोकणात होडीमागे गरी ओढून सुरमई धरतात, तोच हा प्रकार. साधारणपणे दोर बोटीच्या सरळ मागे राहतो. बोर्ड त्याला बाजूला नेतो. फळीचं तोंड तिरकं कापलेलं असतं आणि दोर तिला एका बाजूला अडकवलेला असतो. त्यामुळे पाण्याचा दाब तिला बाहेर ढकलतो आणि दोर तिला धरून ठेवतो. वाऱ्यावर पतंग जसा तोलून राहतो तसंच हे पाण्यावर घडतं. बोट पुढे जात राहिली की बोर्ड पन्नास, शंभर, दीडशे फूट बाजूला जाऊन तिथेच समांतर चालतो. आमिष त्या बोर्डच्या मागे असतं.

लावायचे कधी

वॉलआयच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. म्हणूनच त्याचे डोळे काचेसारखे चमकतात आणि अंधुक उजेडातही त्याला उत्तम दिसतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत (एरी त्यांतलंच एक) शिरले. ते पाणी गाळून जगतात, त्यामुळे एरीचं पाणी पूर्वीपेक्षा बरंच स्वच्छ झालं. स्वच्छ पाण्यात वरच्या थरात फिरणारा मासा डोक्यावरून जाणारी बोट आणि इंजिनाचा आवाज ओळखतो आणि बाजूला सरकतो. बोटीच्या सरळ मागे असलेलं आमिष तो निघून गेलेल्या पाण्यातून जातं. बोर्डवरचं आमिष मात्र तो जिथे सरकला तिथेच पोचतं. बोर्ड वापरण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच.

दुसरं कारण रुंदीचं. एरी महासरोवरांत सगळ्यात उथळ. सरासरी खोली जेमतेम ६२ फूट आणि पश्चिमेकडचा भाग तर साधारण २४ फूटच. वसंतात मॉमी आणि सँडस्की नद्यांत आणि पश्चिमेच्या खडकाळ उथळ्यांवर अंडी घालून झाली, की वॉलआयचे थवे उन्हाळ्यात पूर्वेच्या खोल, थंड पाण्याकडे सरकतात. तिथे तळ सपाट मैदानासारखा असतो आणि मासा तळ सोडून मधल्या पाण्यात विखुरलेला असतो. त्याला धरून बसायला खडक नाही की कडा नाही. अशा वेळी बोटीमागचे चार दोर फार तर बोटीच्या रुंदीएवढं पाणी चाळतात. तेच चार दोर बोर्डवर दोन्हीकडे पसरले तर दोनशे फुटांचा पट्टा चाळला जातो, तोही दोर एकमेकांत न गुंतता.

म्हणून मासा वरच्या पंधरा-वीस फुटांत असेल, पाणी स्वच्छ असेल, सरोवर मोकळं असेल आणि मासे विखुरलेले असतील, तर बोर्ड बेलाशक लावा.

नाही लावायचे कधी

आधी कायदा बघा. मिशिगनमध्ये माणशी तीन दोर चालतात, मिनेसोटात बर्फ नसताना बहुतेक ठिकाणी माणशी एकच. एकाच दोराच्या राज्यात दोघं जण बोटीत असाल तर पसरायला दोरच दोन आहेत. तिथे बोर्डचा उपयोग फक्त उथळ पाण्यात मासा बुजू नये यासाठी. एरीवर आणखी एक सांभाळायचं: सरोवराच्या मधून अमेरिका आणि कॅनडाची हद्द जाते. ती ओलांडून मासेमारी करायची तर ऑन्टारिओचा परवाना हवा, आणि दोरांचा नियमही तिथलाच लागू होतो.

मासा तळाला चिकटून एखाद्या कड्यालगत बसला असेल तर बोर्ड सोडा. कडा वळतो तशी बोट वळवावी लागते, आणि शंभर फूट लांबचा बोर्ड तुमच्या वळणाला लगेच दाद देत नाही. तुम्ही कड्यावर आणि आमिष भलतीकडे, असं होतं. तिथे तळाला टेकत जाणारं वजन सरळ बोटीखालून न्यावं.

नदीत, बोटींच्या गर्दीत, तरंगत्या शेवाळात आणि उसळत्या लाटांतही नको. एकटे असाल तर फार तर दोन बोर्ड. सुकाणू, काठी, बोर्ड आणि हातजाळी हे सगळं दोन हातांत बसत नाही.

कोणते घ्यावेत

बोर्डचे प्रकार दोन. एकात मोठी दुहेरी फळी बोटीवरच्या खांबाला जाड दोरीने बांधतात, आणि माशाचे दोर त्या दोरीवर क्लिपने सोडतात. मासा लागला की दोर क्लिपमधून सुटतो आणि मासा मोकळ्या दोरावर ओढता येतो. मोठ्या बोटीवर, थोड्याफार लाटा असताना आणि बरेच दोर टाकायचे तर ही सोय उत्तम. दुसरा प्रकार छोट्या बोर्डचा, जो थेट माशाच्या दोरावरच अडकतो. सोळा-अठरा फुटी बोटीला हाच घ्या. तो स्वस्त आहे, खांब लागत नाही आणि एकेक करून वाढवता येतो. सुरुवातीला डावीकडे एक, उजवीकडे एक एवढेच पुरेत. घेताना बाजू बघा: बहुतेक बोर्ड डावे-उजवे वेगळे असतात, काही पालटून दोन्हीकडे चालतात.

त्यावर स्प्रिंगचा झेंडा मिळतो. आमिषावर ताण आला की झेंडा मागे झुकतो. पैसे तिथे जरूर घाला. छोटा पर्च मासा लागला किंवा गळात शेवाळाचा पुंजका अडकला तर नुसता बोर्ड तसाच पळत राहतो आणि तुम्ही तासभर शेवाळ ओढत बसता. झेंडा ते लगेच दाखवतो.

काठी सात ते साडेआठ फुटी आणि लवचिक असावी. रीळ किती फूट दोर गेला ते मोजणारं हवं. यात काटकसर करू नका, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर आहे. दोर १० ते १२ पौंड ताण सोसणारा साधा मोनो (नायलॉनचा एकपदरी). विणलेला दोर ताणत नाही आणि क्लिपच्या रबरातून निसटतो. तोच वापरायचा असेल तर तो क्लिपमध्ये गुंडाळून घ्यावा लागतो किंवा जास्त घट्ट क्लिप लागते.

टाकायचे कसे

आधी दिशा आणि वेग. वारा पाठीवर घेऊन चाला. लाटांवर समोरून गेलात तर बोर्ड उसळतात आणि आमिषही झटके खातं. गांडुळाचं हार्नेस (मणी आणि चमकती पाती लावलेला, गळांवर गांडूळ ओवलेला दोर) असेल तर वेग ताशी १ ते १.५ मैल, क्रँकबेट (ओढलं की डुलत पोहणारा खोटा मासा) असेल तर १.५ ते २.५ मैल. वसंतातल्या थंड पाण्यात क्रँकबेटही १ ते १.५ मैलाने चालवा. जीपीएसवर दिसतो तो जमिनीवरचा वेग. एरीत पाण्याचे प्रवाह असतात, त्यामुळे एका दिशेने मासे लागतात आणि त्याच आकड्यावर उलट दिशेने लागत नाहीत, असं झालं तर आश्चर्य मानू नका. परतताना वेग बदलून बघा.

मग आमिष बोटीशेजारी पाण्यात धरून बघा. ते सरळ पोहतंय का? एका बाजूला झुकणारं क्रँकबेट बोर्डमागे गेल्यावर तिकडून काहीच दिसत नाही, आणि ते शेजारच्या दोरात जाऊन गुंततं.

आता आमिष मागे सोडा आणि आकडा बघा. बोर्ड लावण्याआधी जेवढा दोर सोडाल, तेवढ्याच दोरावर आमिषाची खोली ठरते. बोर्ड पाण्यावर तरंगतो, त्यामुळे बोर्डपासून बोटीपर्यंतचा दोर कितीही लांब असला तरी खोली बदलत नाही. नवखे लोक घोटाळा करतात तो इथेच. पूर्ण आकडा वाचतात आणि आमिष तीस फुटांवर आहे असं समजतात, प्रत्यक्षात ते दहा फुटांवर असतं. मासे सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) १८ फुटांवर दिसत असतील तर आमिष १२ ते १६ फुटांवर ठेवा. वॉलआय वर येऊन आमिष घेतो, खाली जाऊन सहसा घेत नाही.

हार्नेस किंवा हलकं आमिष खाली न्यायचं तर ५०-५०ची पद्धत सोपी: ५० फूट दोर सोडा, त्यावर क्लिपने एक-दोन औंसाचं वजन अडकवा, आणखी ५० फूट सोडा, मग बोर्ड लावा. मासा आणताना आधी बोर्ड काढायचा, मग वजन, हे लक्षात ठेवा.

बोर्ड लावताना दोर पुढच्या क्लिपच्या रबरात खोलवर बसवा. मागच्या बाजूला मधे खिळा असलेली क्लिप वापरा आणि दोर खिळ्याच्या आत घ्या. पुढची निसटली तरी बोर्ड दोरावर राहतो, सरोवरात जात नाही. बोर्ड हाताने पाण्यावर ठेवा, पुढे धक्का देऊ नका. रिळावर अंगठा ठेवून दोर हळूहळू सोडा. भसकन सोडलात तर बोर्ड मागे पडतो आणि पाण्यात नाक खुपसतो. हव्या त्या अंतरावर गेला की रीळ अडकवा, काठी धारकात उंच उभी ठेवा, आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) एवढाच घट्ट ठेवा की बोर्ड ओढला जाईल पण मोठ्या माशाने हिसका दिला तर दोर सुटेल.

एका बाजूला दोन बोर्ड लावायचे तर बाहेरचा आधी टाका, आतला नंतर. बाहेरच्यावर उथळ चालणारं आमिष लावा, आतल्यावर खोल. बाहेरच्याला मासा लागला की तो मागे पडत मधे येतो आणि आतल्या खोल दोराच्या वरून निघून जातो. हा क्रम उलटा केलात तर पहिल्याच माशाला गुंता.

बोर्ड वाचायचा

बोर्ड टाकून झाले की काम संपत नाही, खरी गंमत इथून पुढे. सगळे बोर्ड एका ओळीत चालत असतील तर ठीक. एखादा ओळ सोडून मागे सरकला की मासा आहे. किंचितच मागे आहे आणि झेंडा थोडा झुकलाय, तर बहुधा छोटा मासा किंवा शेवाळ. दोर गुंडाळून बघाच.

सरळ रेषेत जाऊ नका. बोट नागमोडी चालवा, पण वळणं लांब आणि सौम्य ठेवा. वळणाच्या बाहेरचा बोर्ड वेग घेतो, आतला मंदावतो. मासा बाहेरच्यावर लागला तर आजचा वेग थोडा वाढवायला हवा, आतल्यावर लागला तर कमी करायला हवा. अर्ध्या तासात पाण्याने तुम्हाला उत्तर दिलेलं असतं. आतला बोर्ड थांबून दोर सैल पडला तर वळण जास्त घट्ट झालंय.

मासा लागल्यावर

बोट थांबवू नका. थांबवलीत की बाकीचे बोर्ड गोळा होतात आणि दोर एकमेकांत गुंततात. वेग थोडा कमी करा, चालत राहा. काठी वर-खाली झटकू नका. वॉलआयचं तोंड हाडाळ आहे, गळ वरवर बसलेला असू शकतो, आणि बोर्ड मधे असल्यामुळे प्रत्येक झटक्यानंतर दोर क्षणभर सैल पडतो. एकसारखं, संथ गुंडाळत राहा. बोर्ड काठीच्या टोकाजवळ आला की दुसऱ्याने आधी मागची, मग पुढची क्लिप दाबून तो काढायचा. या क्षणी दोर ताणलेला राहील याची जबाबदारी काठीवाल्याची. मासा बोटीच्या मागच्या बाजूला आणा आणि हातजाळी माशाच्या डोक्याकडून घाला.

बाहेरच्या दोराचा मासा आल्यावर तो दोर पुन्हा तिथेच पाठवत बसू नका. आतला बोर्ड आणखी दोर सोडून बाहेर जाऊ द्या आणि नवा दोर आत टाका. वेळ वाचतो आणि दोर ओलांडावा लागत नाही. फक्त आता उथळ आमिष आत आणि खोल बाहेर झालंय का ते बघा. तसं असेल तर नव्या दोराला आधीच्यापेक्षाही खोल आमिष लावा.

रात्रीचं वेगळं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठे वॉलआय रात्री क्लीव्हलँडच्या पश्चिमेकडे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतात. तिथे लांबट, उथळ पोहणारी क्रँकबेट बोर्डवर लावून संथ चालवतात. बोर्डच्या झेंड्याला चमकणारी छोटी कांडी चिकटवा, वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या रंगाची. त्या महिन्यांत पाणी इतकं थंड असतं की पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत कामातून जातात. तरंगजाकीट घालूनच बसा, आणि काठावर वाकून बोर्ड काढणाऱ्याला दुसऱ्याने डोळ्याआड करू नये.