निविदा काढण्याआधी: खरेदी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

खरेदी विभागात रुजू झालेला माणूस सुरुवातीला नियमावली, टिपणी आणि मंजुऱ्या यांतच बुडालेला असतो. ते शिकायलाच हवं. पण त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: आपली ही निविदा कोणाला भरताच येणार नाही? मी जे पाहिलं त्यात स्त्रियांचे उद्योग दरात क्वचितच मागे पडले. ते अडले पात्रतेच्या अटींवर, म्हणजे लिफाफा उघडायच्याही आधी.

या अटी बहुतेक वेळा मागच्या निविदेतून जशाच्या तशा उचललेल्या असतात. तीन वर्षांची भरघोस उलाढाल, तेवढ्याच मोठ्या कामाचा पूर्वानुभव, बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), बँक हमी. वाचताना त्यात स्त्री-पुरुष असा भेद कुठेच दिसत नाही. पण हमी द्यायला बँक तारण मागते आणि जमीनजुमला बहुधा बाईच्या नावावर नसतो. म्हणून मी मसुद्यातल्या प्रत्येक अटीसमोर समासात लिहिते, ‘ही काढली तर नेमका कोणता धोका?’ ठोस उत्तर सुचलं नाही, तर ती अट खोडायचा प्रस्ताव ठेवते. वरिष्ठ कुरकुरतात, पण धोका लेखी मांडायची वेळ आली की बऱ्याच अटी गळून पडतात.

सर्वांत मोठा फरक पडतो तो कामाच्या आकाराने. वर्षभराचा सगळा पुरवठा एकाच कंत्राटात बांधला की लहान उद्योग आपोआप बाहेर. त्याचे गट पाडा आणि हव्या त्या गटापुरता दर भरायची मुभा द्या. मात्र हे एकाच जाहीर निविदेत, उघडपणे करा. मंजुरीची मर्यादा चुकवायला खरेदीचे तुकडे पाडणं हा गैरव्यवहार आहे आणि लेखापरीक्षणात दोन्हींतला फरक कागदावरूनच सिद्ध करावा लागतो.

राखीव टक्केवारी ठेवली की झालं, असं मानू नका. अमेरिकेत महिलांच्या लघुउद्योगांना संघराज्याच्या कंत्राटांपैकी 5 टक्के देण्याचं उद्दिष्ट 1994 मध्ये कायद्यात आलं. ठरावीक कंत्राटं त्यांच्यासाठी राखून ठेवायची योजना प्रत्यक्ष सुरू व्हायला 2011 उजाडलं आणि उद्दिष्ट पहिल्यांदा गाठलं गेलं 2015 या आर्थिक वर्षात. केनियात महिला, तरुण आणि अपंग व्यक्तींच्या उद्योगांसाठी मिळून 30 टक्के सरकारी खरेदी राखीव आहे. भारतात सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायच्या 25 टक्के खरेदीत 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. आकडा आवश्यकच आहे, त्याशिवाय कोणी हलत नाही. पण तो गाठायला माहिती पोहोचवणारी, अर्ज भरायला मदत करणारी माणसं लागतात.

‘महिलांचा उद्योग’ कशाला म्हणायचं हेही आधीच ठरवा, नाहीतर नावापुरती बाई पुढे करून कंत्राट दुसराच नेतो. ‘आयएसओ’ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 2021 च्या ‘आयडब्ल्यूए 34’ या दस्तऐवजातली व्याख्या मला उपयोगी वाटते: निम्म्याहून अधिक मालकी स्त्रियांची, व्यवस्थापन आणि नियंत्रण स्त्रियांच्या हाती, कायदेशीर कागदांवर आणि बँक खात्यावर स्त्रीची सही, आणि उद्योग स्वतंत्रपणे चालणारा. पडताळणीला गेलात की कागद मागण्याआधी मालकिणीशी कामाबद्दल बोला. कच्चा माल कुठून येतो, दर कसा काढला, हे ती किती सहज सांगते त्यावरून बरंच कळतं.

मालकीवरच थांबू नका. मालक पुरुष असला तरी त्याच्याकडे राबणाऱ्या स्त्रियांना समान वेतन, स्वच्छतागृह, छळाविरुद्ध तक्रारीची सोय या अटी करारात घालता येतात आणि देयक मंजूर करताना तपासता येतात.

देयकाबद्दल मी हट्टी आहे. बिल महिनोन्‌महिने रखडलं तर मोठा पुरवठादार तग धरतो. लहान उद्योगातली बाई मजुरी भागवायला कर्ज काढते आणि पुढची निविदा भरतच नाही. तुमच्या टेबलावर बिल किती दिवस पडून आहे, याची नोंद स्वतः ठेवा.

नोंदी फक्त कंत्राट मिळालेल्यांच्या नकोत. निविदापूर्व बैठकीला कोण आलं, अर्ज कोणी नेला, भरला कोणी, बाद कोण आणि कोणत्या कलमाखाली, हे स्त्री-पुरुषवार लिहून ठेवा. आणि बाद झालेल्या प्रत्येकीला कारण लेखी कळवा, नेमक्या कलमासह.