स्पोर्ट्स कारमध्ये सबवूफर आणि अ‍ॅम्प बसवताना या चुका टाळा

अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) तापून बंद पडतो, सब (सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर) गुरगुरतो, सकाळी गाडी सुरूच होत नाही. खापर अ‍ॅम्पवर फुटतं आणि त्याच वायरिंगवर नवा अ‍ॅम्प चढवला जातो. महिनाभरात पुन्हा तेच रडगाणं. दुखणं बहुतेक वेळा वायर, अर्थिंग आणि गेन (स्टीरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवणारं बटण) या तिघांतच असतं.

वायरीची जाडी वरून बघून काही कळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वायरिंगचं किट घेताना दुकानातच टोक सोलायला सांगा आणि एक तार ब्लेडने खरवडा. वर तांबूस आणि आत चंदेरी निघाली, तर ती टाळा, ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. (वर चंदेरी आणि आत तांबूस असेल तर कल्हई केलेलं तांबं, आणि आपल्या दमट हवेत तेच उत्तम.) किती जाड वायर हवी, याचा हिशोब सोपा आहे. ५०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ६२५ वॉट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टला साधारण ४५ अँपिअर. त्याला ४ गेजची, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरची, तांब्याची वायर आणि ६० अँपिअरचा फ्यूज घ्या. खोक्यावर ठळक छापलेल्या ‘२००० वॉट’कडे बघूच नका.

‘अ‍ॅम्पला फ्यूज आहेच की, अजून एक कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतोच, तो वायरीसाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, नसेल, तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी वायर पत्र्यावर घासते आणि एक दिवस सोलली जाते. तिथे शॉर्ट झाला तर अ‍ॅम्पवरचा फ्यूज काहीच करू शकत नाही आणि वायर पेटते. म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी डिकीतच असते आणि वायर जेमतेम मीटरभर लागते, तरी फ्यूजला सुट्टी नाही. या गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. अ‍ॅम्पची अर्थ वायर थेट त्या टर्मिनलच्या खुंटीवर चढवली, तर अ‍ॅम्पने ओढलेला करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. ती बॉडीलाच द्या.

अर्थिंगमध्ये सगळ्यात जास्त घाई होते. दिसला बोल्ट की अडकवली वायर, असं चालत नाही. सीटबेल्टचा बोल्ट तर वर्ज्यच. जागा ठरवली की पत्र्याखाली वाकून बघा: पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, वायरींचा जुडगा (हार्नेस) यांच्यावर ड्रिल आलं तर सब राहील बाजूला. काचपेपरने रंग आणि प्रायमर घासून रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा लखलखीत करा. वायरीच्या टोकाला थिंबल (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी) दाबून क्रिम्प करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी रंग लावला तर संपर्कच तुटतो आणि अजिबात काही नाही लावलं तर समुद्राच्या खाऱ्या हवेत गंज चढतो. वायर पॉझिटिव्हएवढीच जाड आणि ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. तपासायला मोठ्या आवाजात बास चालू असताना मल्टीमीटरची एक टोचणी अ‍ॅम्पच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पुन्हा घासायला बसा.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे कितीही वेळा सांगितलं तरी तो शेवटपर्यंत पिळलेलाच सापडतो. त्याने ताकद वाढत नाही, फक्त सिग्नलचा माथा छाटला जातो, सबची कॉइल तापते आणि जळका वास येतो. नीट लावायचा तर सबच्या वायरी काढा, बास बूस्ट शून्यावर आणा, इक्वलायझर सपाट करा, स्टीरिओ पाऊण आवाजावर ठेवा आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. आकडा किती हवा, तर वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: २ ओहमला ५०० वॉट म्हणजे ३१.६ व्होल्ट. तिथे थांबा. ड्युअल ४ ओहमचा, म्हणजे ४-४ ओहमच्या दोन कॉइलचा, सब पॅरलल जोडला तर २ ओहम होतो, सिरीजमध्ये ८. ड्युअल २ ओहमचा पॅरललमध्ये १ ओहमवर येतो आणि २ ओहमपर्यंतच चालणारा अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. लो-पास (फक्त खालचे सूर सबकडे सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

कंपनीचा स्टीरिओ ठेवून हाय-लेव्हल इनपुट (थेट स्पीकरच्या वायरींतून सिग्नल) घेणाऱ्यांना स्पोर्ट्स कारमध्ये एक खास डोकेदुखी असते. काही गाड्या इंजिनाचा कृत्रिम आवाज स्पीकरमधून सोडतात. तोच सबमध्ये शिरला की गाणं बंद असतानाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिकी घुमते. अ‍ॅम्प उघडण्याआधी ते फीचर बंद करून बघा. इंजिनाच्या आरपीएमबरोबर चढणारी बारीक शिटी मात्र वेगळी: अर्थिंग तपासा आणि सिग्नलची आरसीए केबल पॉवर वायरीच्या विरुद्ध बाजूने न्या. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर रिमोटची, म्हणजे अ‍ॅम्प चालू-बंद करणारी, निळी वायर बघा. ती कायम १२ व्होल्टवर जोडली असेल तर अ‍ॅम्प झोपतच नाही.

सबच्या खोक्यासाठी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात डिकीत पाणी झिरपलं की कडा फुगतात. १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्या. दोन सीटच्या गाडीत १२ इंची सबचा हट्ट नको. कमी खोलीचा १० इंची सब बंद खोक्यात डिकी शाबूत ठेवतो. अ‍ॅम्प खोक्याला ठोकू नका, कंपनाने त्याच्या आतले सोल्डरचे टाके सुटतात. तो डिकीच्या तळावरही नको. भिंतीला प्लायची पट्टी लावून त्यावर बसवा, वर ४-५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा.

सगळं बरोबर असूनही बासवर काहीतरी खडखडत असेल, तर आधी गाडीच्या मागे जाऊन नंबर प्लेटवर हात दाबून धरा. आवाज थांबला तर दहा रुपयांची फोम टेप पुरते.