भारताची भूतानला मदत: उत्तर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेत भूतानवर लिहायला सांगितलं की नव्वद टक्के पोरांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हिमालयाच्या कुशीत वसलेला आनंदी देश." ते आधी खोडा. प्रश्न मदतीचा आणि अर्थव्यवस्थेचा असतो, आनंदाचा कुणी विचारलेला नसतो. अभ्यासिकेत उत्तरं तपासून देतो म्हणून सांगतोय, परकीय मदत आणि छोटा देश हा विषय आला की तीच तीच गडबड दर बॅचला दिसते आणि आता खरंच कंटाळा आलाय.

सगळे कोटी एकाच बेरजेत टाकणं

भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ ची, साधारण साडेसतरा कोटींची, आणि तो सगळा पैसा भारताचा. इथून सुरुवात बरोबर करतात आणि मग थेट आजच्या आकड्यांवर उडी मारून जे दिसेल ते मिळवत सुटतात. अरे पण पैशा-पैशात फरक असतो ना. बाराव्या योजनेला (२०१८ ते २०२३) भारताने दिलेले ४,५०० कोटी घ्या. त्यातले २,८०० कोटी ठरलेल्या प्रकल्पांना बांधलेले, ८५० कोटी गावपातळीवरच्या छोट्या कामांना, आणि उरलेले ८५० कोटी प्रोग्रॅम ग्रांट, म्हणजे सरकारच्या बजेटला थेट टेकू. हे सगळं अनुदान, परत द्यायचं नाही.

जलविद्युतचा पैसा हा वेगळाच विषय आहे आणि इथेच खरी मजा आहे. चुखा प्रकल्प, ३३६ मेगावॉटचा, १९८० च्या दशकात झाला: ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. नंतर ताला आला, १,०२० मेगावॉट, प्रमाण तेच ६०-४० पण व्याज ९ टक्के. (तालाच्या कामात आपल्या वालचंद हिराचंदांची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन पण होती, हे उत्तरात लिहायची गरज नाही, पण लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.) मग मांगदेछू, ७२० मेगावॉट, २०१९ ला उद्घाटन, आणि तिथे गणित उलटं झालं: ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज, व्याज १० टक्के. म्हणजे बातम्यांमध्ये चाळीस वर्षं 'मदत' हाच शब्द चाललाय आणि आतमध्ये देणगीचं हळूहळू कर्ज झालंय. एवढी एक गोष्ट नीट मांडली तरी तुमचं उत्तर बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसेल, पण नाही, सगळ्यांना मोठ्ठा टोटल लिहायचाय.

पैसा आला म्हणजे देशात राहिला असं समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका मॉक इंटरव्ह्यूला एक हुशार मुलगा आला होता, टापटीप, इंग्रजी मराठी दोन्ही फाडफाड, भारत-भूतान त्याचा आवडता विषय. मदतीचे आकडे त्याने धडाधड सांगितले. पॅनेलवर एक रिटायर्ड बँक ऑफिसर होते, ते शांतपणे म्हणाले, "एवढे रुपये जात होते, मग २०१२ ला भूतानमध्ये रुपये संपले कसे?" मुलगा दोन सेकंद गप्प, आणि मग म्हणतो, "सर, ती अफवा असावी." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढचे सगळे प्रश्न त्याच एका उत्तरावर झाले. बाहेर आल्यावर तो मला म्हणतो, यूट्यूबवरच्या नोट्समध्ये हे नव्हतं. नसणारच की! वीस मिनिटांत भारत-भूतान उरकणाऱ्या व्हिडिओत काय असणार.

तर काय झालं होतं ते बघा. भूतानचं चलन ङुल्ट्रम, १९७४ पासून भारतीय रुपयाला एकास एक बांधलेलं. २००८ नंतर पुनात्सांगछू वगैरे जलविद्युत प्रकल्पांची मोठी कामं सुरू झाली, रुपयांचा लोंढा आला. पण कंत्राटदार बरेचसे भारतीय (तालाची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन आठवा), टर्बाइन भारतातून, पोलाद भारतातून, मजूर पण बरेच भारतातले, ते पगार घरी पाठवणार. म्हणजे मोठा हिस्सा आला तसा परत गेला. जो राहिला तो ट्रकवाल्यांकडे, घरमालकांकडे, छोट्या ठेकेदारांकडे गेला, तिथून बँकेत ठेवी झाल्या, आणि बँकांनी त्या जोरावर घरांना आणि गाड्यांना सढळ हाताने कर्जं दिली. कर्ज ङुल्ट्रममध्ये, पण गाडी येणार भारतातून, टाइल्स येणार भारतातून, आणि त्याचे पैसे द्यायचे रुपयात. भूतानची मध्यवर्ती बँक, रॉयल मॉनेटरी अथॉरिटी, ङुल्ट्रम छापू शकते, रुपया नाही. आणि एकास एक बांधलंय म्हटल्यावर मागेल त्याला रुपया द्यायला लागतो.

मग डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी २० कोटी डॉलर विकून रुपये घेतले, भारत सरकारकडून उधारी घेतली, भारतीय बँकांकडून ओव्हरड्राफ्ट घेतला, तरी पुरेना. २०१२ च्या मार्चमध्ये घर आणि गाडीची कर्जं थांबवली, गाड्यांची आयात बंद केली. आयातबंदी उठायला २०१४ उजाडलं. आता हे वाचून कुणी असं लिहू नका की मदतीमुळे भूतानचं नुकसान झालं. तसं नाहीये. मदतीने मागणी वाढवली, आणि ती मागणी भागवणारं उत्पादन देशात नव्हतं, एवढंच. धरणं आहेत, कारखाने नाहीत.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. रफ कागदावर चार रकाने पाडतो: अनुदान, कर्ज, कुठल्या चलनात, आणि शेवटी पैसा कुणाच्या खात्यात गेला. चौथा रकाना आधी भरायचा. तो भरता येत नसेल तर आपल्याला विषय कळलेला नाही, उत्तर लिहायला घेऊ नये. पोरांना हे फार स्लो वाटतं. वाटू दे.

हंबनटोटा कॉपी-पेस्ट

श्रीलंकेचं हंबनटोटा (चिनी कर्जावर बांधलेलं, नंतर चिनी कंपनीलाच भाडेपट्ट्यावर दिलेलं बंदर) पाठ केलेलं असतं, ते भूतानला चिकटवतात: कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कर्जाचा सापळा, विषय संपला. थांबा जरा. या कर्जातला मोठा भाग जलविद्युतचा, रुपयात घेतलेला, आणि वीज विकत घेणारा गिऱ्हाईक पण भारतच, दर ठरवताना प्रकल्पाचा खर्च धरलेला. विनिमय दराचा धोका जवळपास नाही. म्हणून आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) पण या कर्जाकडे नुसत्या टक्केवारीवरून बघत नाही.

धोका दुसरीकडे आहे. प्रकल्प अडकला तर वीज नाही पण व्याज चालू. पुनात्सांगछू-१, १,२०० मेगावॉट, २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं, साडेतीन हजार कोटींचा मूळ अंदाज नऊ हजार कोटींच्या पुढे गेला. सापळा लिहायचाच असेल तर हा लिहा, भूगर्भशास्त्राचा आहे.

बाकीच्या, पटापट

जाहीर झालेला आकडा म्हणजे खर्च झालेला आकडा नाही. तेराव्या योजनेला १०,००० कोटी जाहीर झालेत, ते पाच वर्षांत (२०२४ ते २०२९) जायचेत. आपल्या केंद्रीय बजेटमध्ये प्रत्यक्ष खर्चाचा रकाना असतो, तो बघायला कुणाच्या बापाचं काय जातं?

भूतान हिवाळ्यात भारताकडून वीज विकत घेतो. नद्यांचं पाणी आटतं, धरणं साठवणुकीची नाहीत. "वर्षभर निर्यात" लिहिलं की मार्क गेले.

जीडीपी वाढला म्हणजे नोकऱ्या वाढल्या असं नाही. वीजघर चालवायला माणसं लागतात थोडी. २०२२ मध्ये तरुणांमधली बेरोजगारी २८.६ टक्के होती आणि शिकलेली पोरं ऑस्ट्रेलियाला चाललीत. १३ डिसेंबर २०२३ ला देश संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, हेही त्याच काळातलं, दोन्ही एकत्र लिहा.

२०१३ च्या जुलैमध्ये ऐन निवडणुकीत गॅस आणि रॉकेलचं भारतीय अनुदान थांबलं, सिलिंडर एकदम महागला. ही मदत कुठल्याच योजनेच्या आकड्यात नव्हती, म्हणून पोरं विसरतात. थिंफूच्या स्वयंपाकघरात मात्र ती लगेच कळली.

आणि हेच उत्तर नाव बदलून नेपाळला वापरू नका. तिथेही चलन रुपयाला बांधलंय, १.६ नेपाळी रुपयांना एक भारतीय, पण तिथली अर्थव्यवस्था बरीचशी परदेशात कामाला गेलेल्या लोकांच्या कमाईवर चालते. चारही रकाने नव्याने भरावे लागतात.