घाटावरून अंदमानला: स्कूबा-स्नॉर्केलिंगच्या सहलीची तयारी

सातारा-सांगलीहून अंदमानला स्कूबा आणि स्नॉर्केलिंगसाठी जायचं ठरलं, की मास्क आणि फिन्सच्या (पायात घालायच्या पंखांच्या) खरेदीआधी कागद-पेन घ्या आणि परतीच्या विमानापासून तारखा मागे मोजत या. स्कूबा म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणं, आणि स्नॉर्केलिंग म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर तरंगणं. स्कूबा करून लगेच विमानात बसता येत नाही. पाण्याखाली वाढलेल्या दाबात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच कमी दाबात, म्हणजे उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे तयार होतात आणि सांधे दुखण्यापासून हातपाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केल्या असतील तर किमान १८ तास विमान नको, असं डायव्हिंगच्या क्षेत्रात मानतात. मी सरळ २४ तास धरायला सांगेन. शेवटचा पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला ठेवा आणि सेल्युलर जेल त्याच दिवशी निवांत बघा. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला हा नियम लागू नाही.

घाटावर राहणाऱ्यांनी यातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अंदमानचा मोठा खर्च करण्याआधी मालवण-तारकर्लीला एक डाइव्ह करून बघावी, हे माझं ठाम मत आहे. पाणी आपल्याला मानवतं का, हे तिथे थोड्या खर्चात कळतं. पण तिथून परत येताना फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली यांसारखा एखादा घाट चढावाच लागतो. साताऱ्याची उंची ७०० मीटरच्या आसपास आहे आणि विमानाबाबतचा हा नियम साधारण ६०० मीटरपासून वरच्या उंचीसाठी धरला जातो. पहिली डाइव्ह उथळ आणि थोडा वेळ असते, त्यामुळे धोका कमी असतो. तरीही सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट असा बेत करू नका. रात्रीचा मुक्काम मालवणातच करा, दुसऱ्या दिवशी निघा.

महिना निवडताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दिवाळीची सुट्टी असते. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळं होतात आणि मग बेटांमधल्या बोटी बंद राहू शकतात. जानेवारी ते एप्रिल हा काळ सगळ्यात चांगला. मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या शेवटी गेलात तरी जमतं, फक्त मे सरत आला की पावसाळा सुरू होतो. कोणत्याही महिन्यात गेलात तरी बेटांवर एखादा दिवस मोकळा ठेवा, म्हणजे खराब हवेत डाइव्ह रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी करता येते.

त्यानंतर डॉक्टर. डाइव्ह सेंटरवर तब्येतीच्या प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात आणि त्यात एखाद्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागते. हा फॉर्म आधीच मागवून घ्या. दमा, हृदयविकार, फिट येणं, फुप्फुसाचा जुना आजार, कानाचं ऑपरेशन, सायनसचा त्रास यांपैकी काही असेल तर घरीच दाखवून घ्या. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारायला कंटाळू नका. गरोदर स्त्रियांनी स्कूबा करायचीच नाही. आणि फॉर्मवर खरं लिहा. पैसे भरलेत म्हणून दमा लपवणारे लोक असतात. पण फुप्फुसात हवा अडकलेली असताना वर येणं हा या खेळातला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तिथे कुणाचीही ओळख उपयोगी पडत नाही.

कानांची तयारी मात्र आपल्याला घरबसल्या करता येते. कुंभार्ली किंवा आंबेनळी घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आपण आवंढा गिळतो, तोच प्रकार पाण्यात होतो, फक्त फार लवकर. अख्खा घाट उतरून कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात एक-दीड मीटरमध्येच वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट झालेला असतो. म्हणून नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकातून अगदी हलका फुंकर मारल्यासारखा दाब द्यायचा आणि कानात ‘टक्’ झालं की थांबायचं, याचा रोज थोडा सराव करा. पाण्यात हे दुखायला लागायच्या आधी करायचं असतं, उतरायला सुरुवात केल्यापासून दर थोड्या वेळाने. दुखलं की वर या, कान मोकळा करा, मग परत उतरा. जोर लावून फुंकू नका. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह सोडून द्या. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरायचं मनात आणू नका, कारण खोलात असताना त्याचा असर ओसरला तर वर येताना हवा आत अडकते.

पोहण्याबाबत आपल्याकडचे लोक निर्धास्त असतात, कारण विहिरीत सूर मारून आणि कृष्णेच्या पात्रात हात मारून मोठे झालेले असतात. त्याचा उपयोग होतोच. पण समुद्रात सपाट तरंगत, तोंडाने संथ श्वास घेत, पायांनी लांब फटके मारायचे असतात आणि ही सवय वेगळी आहे. महिनाभर आधी जलतरण तलावावर मास्क आणि स्नॉर्केल घेऊन जा. मास्कमध्ये पाणी शिरलं तर कपाळाजवळची कड दाबून नाकातून हवा सोडत ते बाहेर काढायला शिका. हे एकदा जमलं की पाण्यातली निम्मी भीती जाते. ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा रीतसर शिकवणारा पहिला कोर्स करणार असाल तर २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. कोर्सला तीन-चार दिवस जातात, आणि त्याचा अभ्यास ऑनलाइन आधी उरकता येतो. तो केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. कोर्स न करता घ्यायच्या नुसत्या ओळखीपुरत्या डाइव्हला इन्स्ट्रक्टर धरून नेतो, तिला पोहता यायची अट सहसा नसते आणि ती १२ मीटरच्या पुढे जात नाही. वय मात्र किमान १० पूर्ण हवं. आजी-आजोबांना लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंगचा आनंद घेता येतो, त्यांना किनाऱ्यावर पिशव्या राखायला बसवू नका.

सामानात विकत घ्यायची वस्तू एकच, चांगला मास्क. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या; मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशा असतील तर नाकाखालची एक ओळ बारीक करून घ्या, नाहीतर तिथून पाणी शिरत राहतं. चष्मेवाल्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, ते आधी विचारून ठेवा. नव्या मास्कच्या काचेवर एक पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून काढावा, नाहीतर काच सारखी धुरकट होते. फिन्स आणि बाकीचं सगळं तिथे मिळतं. लांब बाह्यांचा लायक्रा शर्ट घ्याच, कारण पालथं तरंगताना पाठ भाजून निघते. त्यामुळे सनस्क्रीनही कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन प्रवाळाला घातक आहे, पलाऊ आणि हवाईत त्यावर बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. सातारकरांना पुण्याहून आणि सांगलीकरांना पुणे किंवा कोल्हापूरहून निघून सहसा मोठ्या शहरात विमान बदलावं लागतं. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक आणि शहीद द्वीप म्हणजे नील इथे बोटीने जायचं, त्यांची तिकिटं विमानाच्या पाठोपाठ काढा. बोट लागणाऱ्यांनी आलेपाक जवळ ठेवावा. उलटीची गोळी घेतली तर सुस्ती येते, ती घेतल्याचं इन्स्ट्रक्टरला सांगा. भारतीयांना या बेटांसाठी परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला जायचं असेल तर परवाना लागतो. रोख रक्कम बरोबर असू द्या. तिथे सूर्य आपल्यापेक्षा खूप लवकर उगवतो आणि हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच मावळतो, म्हणून डाइव्ह सकाळीच असतात. आदल्या रात्री दारू नको, सकाळी हलका नाश्ता आणि भरपूर पाणी.

मुलांना एक गोष्ट निघण्याआधीच सांगून ठेवा: पाण्यात काहीही धरायचं नाही, प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो जिवंत आहे आणि फार सावकाश वाढतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे मेलेला तुकडासुद्धा बॅगेत घालून आणता येत नाही. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेता येत नाही, म्हणून स्टीलची बाटली घ्या. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत; पाटी लावलेली असेल तिथे पाण्यात उतरू नका.

आगाऊ पैसे भरण्याआधी डाइव्ह सेंटरला फोन करा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, बोटीवर तातडीचा ऑक्सिजन असतो का, काही झालं तर नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर उपचार करणारं जवळचं प्रेशर चेंबर कुठे, आणि हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख, एवढं विचारा. चांगलं सेंटर हे सगळं न कुरकुरता सांगतं. तुमच्या विमा पॉलिसीत स्कूबा धरलेली आहे का, हेही त्याच आठवड्यात वाचून घ्या. बऱ्याच प्रवास विम्यांमध्ये ती वगळलेली असते किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते.