श्रद्धा तर्काला धरून आहे का? दोन तासांची वादसभा कशी घ्यावी

फलकावर 'देव आहे की नाही' एवढेच लिहिले, तर वीस मिनिटांत सभा हातची जाते. त्या एका ओळीत तीन प्रश्न दडलेले आहेत: ईश्वर आहे का, तो आहे असे मानायला पुरेसा आधार आहे का, आणि तसे मानल्याने माणसाचे भले होते का. एक वक्ता पहिल्यावर बोलतो, दुसरा तिसऱ्याचे उत्तर देतो, आणि दोघांनाही वाटते की समोरचा मुद्दा टाळतोय. सभा दुसऱ्या प्रश्नावरच घ्या. विधान असे ठेवा: 'पुरेसा पुरावा हाती नसतानाही ईश्वरावर श्रद्धा ठेवणे तर्काला धरून असू शकते.' शेवटचे दोन शब्द गाळू नका. त्यांच्यामुळे मांडणाऱ्याला एकच रास्त उदाहरण दाखवून भागते, खोडणाऱ्याला मात्र असे एकही उदाहरण संभवत नाही हे दाखवावे लागते. सिद्धतेचा भार कुणावर किती, हे सभेपूर्वीच सर्वांना सांगा.

माणसे बारा ते पंधरा बोलवा. त्याहून जास्त झाली की अर्धे लोक नुसते श्रोते होतात. पेठेतले वाचनालय किंवा सोसायटीचा हॉल पुरतो. खुर्च्या गोलात मांडा, व्यासपीठ नको. रविवारची सकाळ बरी. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि पालख्या पुण्यात मुक्कामी असतानाचे दिवस टाळा. रस्ते बंद असतात हे एक कारण. शिवाय ज्याचे मन त्या दिवसांत वारीत किंवा मांडवात आहे, त्याला तेव्हाच पुरावा मागणे बरे नाही.

वेळ अशी वाटा: विधान आणि संज्ञा 10 मिनिटे, चार वक्ते प्रत्येकी 8, पूर्वपक्षाची (समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडण्याची) फेरी 20, चहा 10, खुली चर्चा 40, शेवटच्या चिठ्ठ्या 8. घड्याळ सूत्रधाराकडे नको, दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.

आस्तिक एका बाजूला, नास्तिक दुसऱ्या बाजूला अशी विभागणी करू नका. तसे दोनच तट पुण्यातही कधी नव्हते. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्यांनी ग्रंथप्रामाण्य आणि मध्यस्थ नाकारले, पण निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानला. रानडे प्रार्थना समाजात एकेश्वराची उपासना करत. 1888 मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांनी बुद्धीच्या निवाड्यापलीकडे काहीच प्रमाण धरले नाही. आणि त्यांच्या कितीतरी शतके आधी मीमांसकांनी (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी) वेद प्रमाण मानून जगाचा कर्ता मात्र नाकारला होता. चार वक्त्यांना या चार भूमिका द्या. स्वतःचे मत असेल त्याच्या विरुद्ध भूमिका मिळाली तर तयारी जास्त कसून होते.

वक्त्यांनी दोन लेख मुळातून वाचावेत. इंग्लिश गणिती आणि तत्त्वचिंतक क्लिफर्डच्या 1877 च्या लेखात एक जहाजमालक आहे. जुन्या जहाजाबद्दलच्या शंका तो मनातून झटकतो, प्रवासी घेऊन ते समुद्रात सोडतो, आणि जहाज बुडते. इथवर सगळ्यांच्या लक्षात राहते. पण जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी, असे क्लिफर्ड म्हणतो, आणि तोच त्याचा खरा मुद्दा आहे: दोष विश्वास खोटा ठरण्यात नाही, तो ज्या वाटेने मिळवला त्या वाटेत आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचे उत्तर 1896 चे. पुराव्याशिवाय विश्वास ठेवायला तो सूट देतो, पण ती सरसकट नाही. निवड जिवंत हवी, टाळता न येणारी हवी, आयुष्यावर परिणाम करणारी हवी, आणि बुद्धीने निकाली न निघणारी हवी. वक्ता या अटी गाळून 'मनाला पटलं की झालं' म्हणू लागला, तर सूत्रधाराने तिथेच थांबवून अट विचारावी.

प्रत्येक युक्तिवाद एका कार्डावर न्यायदर्शनाच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, पाच अवयवांत लिहून घ्या: प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय (ते प्रस्तुत गोष्टीला लावणे), निगमन (निष्कर्ष). नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, प्रसिद्ध अनुमान घ्या. उदयनाचार्यांनी ते हिरिरीने लढवले. पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्ये (उत्पन्न झालेल्या वस्तू) आहेत, घटासारखी. कार्डावर आले की ते कुठे ठिसूळ आहे ते लगेच दिसते. जग कधी उत्पन्न झाले हेच मीमांसकाला मान्य नाही, म्हणून त्याच्या लेखी हेतू असिद्ध. शिवाय आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता शरीरधारी. मग 'शरीरापासून झालेले असणे' ही उपाधी, म्हणजे अनुमान ज्यावर अडते ती न सांगितलेली अट, आड येते. नैयायिकाचे उत्तर तयार असते: कर्तेपण ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न यांत आहे, शरीरात नाही. इथून पुढची चर्चा फार सुंदर होते. चहा दहा मिनिटे उशिरा झाला तरी चालेल, हा धागा तोडू नका.

पूर्वपक्षाची फेरी हा सभेचा कणा. प्रत्येकाने समोरच्याचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडायचा, आणि समोरचा 'हो, मला हेच म्हणायचं आहे' असे म्हणेपर्यंत खंडन सुरू करायचे नाही. वेळ कमी पडला तर खुली चर्चा कापा, ही फेरी नको. न्यायसूत्रांत वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी) आणि वितंडा वेगळे केले आहेत. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा पाडणे ही वितंडा. म्हणून खंडन करणाऱ्यानेही 'पुरेसा पुरावा' म्हणजे काय, ही आपली कसोटी कार्डावर लिहून द्यावी.

खुल्या चर्चेत सूत्रधाराने दोन प्रश्न हाताशी ठेवावेत. श्रद्धेच्या बाजूला: तुमचा नियम परधर्मीयाच्या अनुभवालाही तितकाच लागू कराल का? संशयाच्या बाजूला: तुमच्या कसोटीवर स्मरणशक्ती, इतरांना मन असणे, उद्या सूर्य उगवेल ही खात्री, हे सगळे टिकते का? दोन्ही प्रश्न अवघड आहेत, आणि दोन्ही बाजूंना सारखेच विचारले तरच सभा न्याय्य राहते.

गाडी रुळावरून घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सप्टेंबर 1995 मध्ये गणपतीच्या मूर्तींनी दूध प्यायल्याची बातमी कुणीतरी काढतोच. तो तपासून पाहण्याचा विषय आहे; चमच्यातले दूध पृष्ठताण आणि केशाकर्षणाने ओढले जाते. ते लिहून बाजूला ठेवा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही निघतो. त्यात शिक्षा आहे ती अनुसूचीत दिलेल्या कृतींना, ईश्वर मानण्याला नव्हे. त्यामुळे आपल्या विधानाशी त्याचा थेट संबंध नाही. 'देव भीतीतून जन्मला' आणि 'नास्तिकता अहंकारातून येते' ही वाक्ये एकाच चुकीची दोन टोके आहेत: मत कुठून आले यावरून ते खरे की खोटे ठरत नाही. आणि कुणी घरातला मृत्यू किंवा आजारपण सांगू लागले, तर ऐकून घ्या. त्याचा ना पुरावा करा, ना खंडन.

शेवटी हात वर करून मत घेऊ नका. सुरुवातीलाच प्रत्येकाने निनावी चिठ्ठीवर विधान आपल्याला 0 ते 10 पैकी किती पटते आणि आपल्या मताविरुद्धचा सर्वांत जड मुद्दा कोणता, हे लिहावे. शेवटी पुन्हा लिहावे. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच खूण करायला सांगा, म्हणजे जोडी लावता येते. आकडा हलला नाही तरी दुसरे उत्तर बऱ्याचदा बदललेले असते, तेच आधी वाचा. दोन दिवसांत सर्वांना एक पान पाठवा: विधान, चार युक्तिवाद, आणि प्रत्येकासमोर उत्तर न मिळालेला एक आक्षेप. पुढच्या सभेचे विधान त्या आक्षेपांतूनच निवडा.